वस्तुकथन आणि मतकथन

मनुष्याचे बोलणे सामान्यतः दोन जातींचे असते. एका जातीत जे आहे किंवा जे घडले ते सांगितलेले असते. दुसऱ्या जातीत त्याविषयी सांगणाऱ्यास काय वाटते ते सांगितलेले असते. पहिल्यास वस्तुकथन व दुसऱ्यास मतकथन म्हणावे. व्यवहारात ही दोन्ही बोलणी एकाच वाक्यात, एकाच दमात मिसळून येतात आणि ऐकणारा दोहोंना सारखेच प्रमाण मानतो. पुष्कळसा कलह, पुष्कळशी निंदा आणि पुष्कळसा भ्रम यांचे मूळ या मिसळीत असते.

ज्या पंथाचे शास्त्र श्रीमुखातून निघालेल्या वचनांवर आणि ती वचने ऐकणाऱ्यांच्या स्मरणावर उभे आहे, त्या पंथाच्या अनुयायास हा विवेक इतरांहून अधिक आवश्यक आहे. स्वामींनी काय म्हटले, ते कोणी ऐकले, आणि ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ काय घेतला, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत तर श्रुती कोठे संपते आणि आपली समजूत कोठे सुरू होते हेच कळेनासे होईल. म्हणून या विषयाचा क्रमाने विचार करणे इष्ट आहे.

लक्षण

वस्तुकथनाचे लक्षण असे की, ते खरे किंवा खोटे ठरविता येते, आणि ते ठरविण्याचे साधन सांगणाऱ्याच्या मनाबाहेर असते. मतकथन हे सांगणाऱ्याच्या रुचीवर, मूल्यांवर व संस्कारांवर अवलंबून असते. त्यास कारणे देता येतात, परंतु मोजमाप लावता येत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावचेच उदाहरण घ्यावे. 'पुसेगाव हे सेनगाव तालुक्यातील गाव आहे' हे वस्तुकथन होय. महसुली दप्तर पाहून ते पडताळता येते. 'पुसेगाव हे या भागातील सर्वांत चांगले गाव आहे' हे मतकथन होय. गावकऱ्याचे प्रेम त्यात दिसते. पण परगावच्या मनुष्याने ते मानलेच पाहिजे असे नाही.

आता तिसरे वाक्य पाहावे : 'पुसेगाव परभणी जिल्ह्यात आहे.' हे वाक्य आज खोटे आहे, कारण १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. परंतु खोटे असले तरी ते मतकथन होत नाही. ते चुकीचे वस्तुकथन आहे. पुष्कळांचा समज असा असतो की, वस्तुकथन म्हणजे खरे बोलणे आणि मत म्हणजे खोटे किंवा दुय्यम बोलणे. हा समज टाकला पाहिजे. वस्तुकथन खोटे असू शकते आणि मत अत्यंत विचारपूर्ण असू शकते. भेद खरेखोटेपणाचा नसून पडताळणीच्या प्रकाराचा आहे.

त्याच वाक्यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. १९९९ पूर्वी छापलेल्या पुस्तकात हे गाव परभणी जिल्ह्यात दाखविलेले आढळेल आणि त्या काळापुरते ते बरोबरच आहे. १९४८ पूर्वीच्या कागदात हाच मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात दिसेल. म्हणजे वस्तुकथनाला काळ लागतो. काळ गाळला की खरे वाक्यही फसवे होते. तसेच त्याला स्थळही नेमके लागते. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातही एक पुसेगाव आहे, आणि ते सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. एका पुसेगावची हकीकत दुसऱ्याच्या नावावर सांगणारा मनुष्य लबाड असतोच असे नाही. त्याने केवळ नावावर विश्वास ठेवलेला असतो.

यांखेरीज एक मधली जात आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान हिंगोली जिल्ह्यातील नरसी होय असे पुष्कळ जण मानतात. काही जण पंढरपूरकडे निर्देश करतात. हा प्रश्न रुचीचा नाही. नामदेव कोठेतरी एकाच ठिकाणी जन्मले. म्हणून विषय वस्तूचा आहे, पण निर्णय पुराव्यांवरून करावयाच्या अनुमानाचा आहे. अशा ठिकाणी 'असे मानतात', 'यावरून असे दिसते' हे शब्द गाळणे म्हणजे अनुमानास प्रत्यक्षाचे वस्त्र नेसविणे होय.

जात्यंधांचा हत्ती

हा विवेक सर्वज्ञांच्या निरूपणात किती सूक्ष्मपणे आला आहे, ते जात्यंधांच्या दृष्टांतावरून कळते. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातील हा दृष्टांत सर्वपरिचित आहे. जन्मतः अंध असलेले लोक हत्ती पाहावयास जातात. ज्याच्या हाती सोंड लागते त्यास हत्ती मुसळासारखा वाटतो, ज्याच्या हाती कान लागतो त्यास सुपासारखा, ज्याच्या हाती पाय लागतो त्यास खांबासारखा. मग त्यांचा आपसांत वाद होतो. डोळस मनुष्य मात्र संपूर्ण हत्ती पाहतो आणि प्रत्येकाने त्याचा एकेक अवयव धरला होता हे जाणतो.

या दृष्टांताचा दार्ष्टान्तिक अर्थ निरनिराळ्या मतांच्या एकदेशीपणाविषयी आहे, हे अभ्यासकांस ठाऊक आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक धडा आहे. त्या अंधांपैकी कोणीही खोटे बोलला नाही. 'माझ्या हाताला लागले ते रुंद, पातळ व हलणारे होते' एवढेच जर कान धरणाऱ्याने सांगितले असते, तर ते निर्दोष वस्तुकथन झाले असते. आणि खांबासारखे काही हाताला लागल्याचे सांगणाऱ्याशी त्याचा वाद होण्याचे कारणच उरले नसते. दोष शिरला तो 'हत्ती सुपासारखा आहे' या वाक्यात. स्पर्श कानाचा आणि विधान संपूर्ण हत्तीविषयी, एवढ्या अंतरात अनुभवाचे मत झाले. आणि मत झाल्यावरही ते अनुभवाच्याच खात्रीने बोलले गेले.

संसारातील बहुतेक वाद याच अंतरात जन्मतात. एखाद्या आश्रमात एकदा पाहुणचारात उणीव राहिली, हे वस्तुकथन. 'त्या आश्रमात आल्यागेल्याची विचारपूस होत नाही', हे हत्ती सुपासारखा असल्याचे विधान. पहिले वाक्य एका दिवसाविषयी आहे, दुसरे त्या आश्रमाच्या स्वभावाविषयी. बोलणाऱ्यास मात्र आपण एकच गोष्ट सांगत आहोत असे वाटते.

म्हाइंभटांची शिस्त

लीळाचरित्राची घडण पाहिली असता हा विवेक पंथाच्या आद्य ग्रंथकारांनी प्रत्यक्ष कसा आचरला ते दिसते. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर भक्तजन ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. तेथे म्हाइंभटांनी लीळासंकलनाचे कार्य हाती घेतले. भटोबासांनी वाजेश्वरीच्या ठिकाणी त्यांना लीळा सांगितल्या. त्या कामी सहा महिने गेले अशी परंपरा आहे. परंतु म्हाइंभट तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्या भक्ताशी जी लीळा घडली, त्या भक्ताकडून ती जाणून घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. भटोबास आचार्य होते; त्यांच्या शब्दाबद्दल म्हाइंभटांस शंका होती असे मानण्याचे कारण नाही. तरीही जे भटोबासांसमक्ष घडले नव्हते, त्याचा साक्षी दुसरा होता, आणि साक्ष ही साक्षीदाराकडूनच घ्यावयाची असते.

ग्रंथाच्या विभागणीतही हे भान आहे. एकांकातील काळी स्वामी एकाकी संचार करीत होते. आजच्या ओळखीचे भक्त त्या वेळी जवळ नव्हते. तेथील पुष्कळ वृत्तांत स्वामींनीच पुढे प्रसंगोपात्त सांगितलेला आहे. पूर्वार्ध व उत्तरार्ध यांतील लीळांना मात्र जवळ असणाऱ्या भक्तांची साक्ष आहे. वाचकाने एकांक वाचताना 'हे कोणी पाहिले' असे न विचारता 'हे कोणास व केव्हा सांगितले' असे विचारावे. प्रश्न बदलतो, कारण ज्ञानाचा मार्ग बदललेला असतो.

चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाल्यावर लीळाचरित्र पुन्हा स्मरणातून उभे करावे लागले. हिराइसेसारख्या तीव्र स्मरणशक्तीच्या व्यक्तींचा पाठ त्या वेळी आधारभूत ठरला. निरनिराळ्या परंपरांच्या स्मरणात काही ठिकाणी फरक पडला. त्या प्रसंगी त्या पिढीस दोन सोपे मार्ग मोकळे होते. एक पाठ खरा म्हणून ठेवावा व बाकीचे नष्ट करावे, हा पहिला. सर्वांचे मिश्रण करून एक गुळगुळीत कथा बनवावी, हा दुसरा. पूर्वाचार्यांनी दोन्ही टाळले. अमक्याची वासना अशी, तमक्याच्या शोधात असे, या प्रकारे पाठभेद त्या त्या नावानिशी पोथ्यांत नोंदले गेले. शब्दांत, क्रमात, क्वचित स्थळात फरक आहे हे त्यांनी लपविले नाही. आज नेने, तुळपुळे, कोलते आदी संपादकांच्या मुद्रित आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या असता लीळांचा क्रम व संख्या सर्वत्र एकसारखी आढळत नाही, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

कित्येक श्रद्धाळूंना पाठभेद पाहून अस्वस्थता येते. वास्तविक तो विश्वासाचा आधार आहे. जेथे चार साक्षीदार आपापल्या नावाने थोडेफार भिन्न सांगतात आणि मुख्य घटनेवर एकमत असतात, तेथे ती घटना घडली यावर विवेकी मनुष्याचा विश्वास वाढतो. सगळ्यांचे शब्द अक्षरशः सारखे असते, तर शिकविलेले बोलतात अशी शंका आली असती.

वचन आणि प्रकरण

केशिराजबासांनी लीळांतून श्रीमुखीची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. विचार, आचार इत्यादी प्रकरणांत ती वचने लाविली गेली. अभ्यासास हे अतिशय सोयीचे झाले. परंतु सूत्र प्रसंगापासून वेगळे झाल्यामुळे एक जबाबदारीही उत्पन्न झाली. अमुक वचन स्वामींनी कोणास, कोठे, कोणत्या प्रश्नावर म्हटले, हे कळल्याशिवाय त्याची व्याप्ती कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच प्रकरणवशाचे साहित्य निर्माण झाले.

येथेही तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. 'हे वचन सूत्रपाठात आहे' ही पहिली पायरी; ती पोथी उघडून पाहता येते. 'हे वचन अमुक प्रसंगी अमुक भक्तास उद्देशून आहे' ही दुसरी. तिला प्रकरणवशाचा व लीळेचा आधार लागतो. 'म्हणून आजच्या अमुक परिस्थितीत असे वागावे' ही तिसरी. ती भाष्यकाराची योजना होय. तिसरी पायरी टाळता येत नाही, टाळूही नये. शास्त्र आचरणात यावयाचे तर कोणीतरी ती घेतलीच पाहिजे. परंतु निरूपणकार तिसऱ्या पायरीवर उभा राहून पहिलीच्या अधिकाराने बोलू लागला, तर श्रोत्याची फसवणूक होते, मग निरूपणकाराचा हेतू कितीही शुद्ध असो.

पंथाच्या परंपरेत श्रुती, स्मृती व वृद्धाचार यांची वेगवेगळी ओळख सांगितली आहे. स्वामींचे वचन ती श्रुती, भटोबासांचे वचन ती स्मृती, पूर्वीच्या वडील भक्तांचे आचरण तो वृद्धाचार. प्रत्येकास मान आहे, पण तो ज्याच्या त्याच्या स्थानी. हा भेद करणाऱ्या परंपरेत 'असे शास्त्रात आहे' एवढे मोघम बोलणे शोभत नाही. शास्त्रात आहे म्हणजे श्रुतीत आहे, की स्मृतीत, की टीकाकाराच्या विवेचनात, हे सांगणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. म्हाइंभटांच्या काळी महदाइसेने विचारून विचारून स्वामींकडून व भटोबासांकडून कितीतरी उलगडे करून घेतले. तिच्या जिज्ञासेमुळेच कित्येक वचने आज उपलब्ध आहेत. आधार विचारणे हा अनादर असता, तर त्या जिज्ञासेची वाखाणणी झाली नसती.

'असावे'पासून ओट्यापर्यंत

या विवेकाच्या अभावी काय घडू शकते, याची कल्पना एका काल्पनिक क्रमावरून येईल. अटनास निघालेला एखादा साधू पुसेगावसारख्या गावी थांबला आणि गावाची जुनी खूण पाहून म्हणाला, 'या वाटेने स्वामी गेले असावेत.' हे अनुमान होय. 'असावेत' या शब्दाने त्याने तसे प्रामाणिकपणे दर्शविले आहे. पुढील वर्षी तेथील वासनिक पाहुण्यास सांगतो, 'स्वामी येथून गेले, असे बाबांनी सांगितले.' तिसऱ्या वर्षी बाबांचे नाव गळते. चौथ्या वर्षी ओटा बांधला जातो, आणि पाचव्या वर्षी ओटा आहे म्हणजे स्वामी आलेच होते, असा उलटा पुरावा दिला जातो. या सबंध क्रमात एकही मनुष्य जाणूनबुजून खोटे बोललेला नाही. प्रत्येकाने फक्त एकेक शब्द गाळला.

चरणांकित स्थान हे भक्ताच्या दृष्टीने वंदनीय असते, म्हणूनच त्याविषयी वस्तुनिर्णय काटेकोर हवा. मुनी व्यासांची स्थानपोथी या कामी आदर्श आहे. स्वामींचे वास्तव्य कोणत्या देवळात, त्याचे दार कोणत्या दिशेस, चौक कोठे, आसन कोठे, अशा प्रकारची तिची भाषा आहे. तीत भावनेचा विस्तार जवळजवळ नाही. भक्ती नव्हती म्हणून नव्हे. नमस्कार करावयाचा तो नेमक्या ठिकाणी व्हावा, एवढी भक्ती होती म्हणून. एखाद्या गावी स्वामींचे वास्तव्य झाले की नाही, हा मताचा प्रश्न नाही आणि गावाच्या अभिमानाचाही नाही. लीळा आणि स्थानपोथी यांत शोधावे. आढळले तर आधारासह सांगावे. न आढळले तर 'असावेत' हा शब्द जपून ठेवावा. तो शब्द लहान आहे, पण पुढील पिढीचा नमस्कार त्याच्यावर अवलंबून आहे.

'मानभावी' हा शब्द

मत वस्तूच्या वेषात हिंडू लागले म्हणजे केवढा अन्याय होतो, हे पंथाने स्वतः सोसले आहे. 'महानुभाव' या शब्दाचे लोकांच्या तोंडी 'मानभाव' झाले. एवढा केवळ उच्चाराचा भाग झाला. परंतु त्यापासून 'मानभावी' हे विशेषण बनले, आणि त्याचा अर्थ वरून नम्र व आतून कपटी असा रूढ झाला. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तर शाळेच्या पुस्तकांतून व घरच्या बोलण्यातून पिढ्यान्पिढ्या चालत आली. त्या म्हणीत एक धंदा करणाऱ्या समाजास आणि एका पंथास, असा दोघांस एकदमच निंदेचे माप बनविले आहे.

या म्हणीचे स्वरूप तपासावे. तिच्यात कोणा व्यक्तीचे नाव नाही, प्रसंग नाही, काळ नाही, साक्षीदार नाही. म्हणजे वस्तुकथनास लागणारे एकही अंग तिच्यापाशी नाही. ते निखळ मत आहे. परंतु म्हणीचा साचा मिळाल्यामुळे ते अनुभवसिद्ध सत्यासारखे वाजते. मताला यमक आणि वय मिळाले की लोक त्याच्याकडे पुरावा मागत नाहीत. पंथाचे ग्रंथ सकळादी लिप्यांत बंदिस्त असल्याने बाहेरच्या अभ्यासकांस ते वाचता येत नव्हते. त्या काळी ऐकीव निंदेस मोकळे रान मिळाले. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा प्रसिद्ध केला. त्यानंतर ग्रंथ वाचले जाऊ लागले आणि मराठीच्या आद्य गद्याचे भांडार विद्वानांपुढे आले. निंदेचे उत्तर प्रतिनिंदेने मिळाले नाही. पोथ्या उघडल्याने मिळाले.

यातून दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. पहिले असे की, कोणी हा शब्द अजाणता वापरला तर त्याच्यावर रागावण्याऐवजी त्यास शब्दाचा इतिहास सांगावा. बहुतेकांना तो ठाऊकच नसतो. दुसरे कर्तव्य अधिक कठीण आहे. ज्या मापाने पंथ दुखावला गेला, ते माप अनुयायाने इतरांस लावू नये. 'अमुक संप्रदायाचे लोक असेच असतात', 'अमुक जातीचा मनुष्य विश्वासाचा नसतो', ही वाक्ये त्याच म्हणीची भावंडे आहेत. अहिंसेचे व्रत वाचेसही लागू आहे. पुराव्यावाचून एखाद्या समुदायाविषयी केलेले सरसकट विधान ही वाचेची हिंसाच होय.

सिद्धांत कोणत्या जातीचा?

येथे एक शंका साहजिक आहे. श्रीचक्रधरस्वामी हे परमेश्वरावतार आहेत, हे विधान वस्तुकथन समजावे की मतकथन? मत म्हणावे तर श्रद्धेस उणेपणा येतो. वस्तुकथन म्हणावे तर गावाचा तालुका दाखवावा तसे ते परमतस्थास दाखविता येत नाही.

याचे उत्तर प्रमाणविचारात आहे. प्रत्यक्ष, अनुमान व शब्द ही ज्ञानाची निरनिराळी द्वारे होत. सिद्धांत शब्दप्रमाणाने जाणला जातो आणि उपासनेने अंगी बाणतो. ज्यास ते प्रमाण मान्य आहे, त्यास तो निश्चित आहे. तो आवडीनिवडीचा विषय राहत नाही. परंतु ज्यास ते प्रमाण अद्याप मान्य नाही, त्याच्याशी बोलताना 'आमच्या शास्त्राचा असा निर्णय आहे' असे म्हणणे हेच सत्याला धरून आहे. त्यात भित्रेपणा नाही. उलट आपल्या निश्चयाचा आधार कोणता, हे जो सांगू शकतो, त्याचाच निश्चय दृढ असतो. आधार न सांगता आवाज चढविणारा मनुष्य स्वतःच्या शंकेशी भांडत असतो.

याच्या उलट, सिद्धांताची खात्री तपशिलास लावणे हीही चूक होय. स्वामींच्या उत्तरापंथे गमनाचे वर्ष कोणी इ. स. १२७२ मानतात, कोणी १२७४. हा गणिताचा व पुराव्याचा विषय आहे. त्यात मतभेद झाल्याने अवतारसिद्धांतास बाध येत नाही. आणि एका वर्षाचा आग्रह धरल्याने भक्ती वाढतही नाही.

अभ्यास

स्वाध्यायमंडळात पुढील वाक्ये घेऊन प्रत्येकाची जात ठरवावी व आधार कोणता लागेल ते सांगावे.

(१) लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे तीन भाग आहेत.
(२) लीळाचरित्र हा मराठीतील सर्वांत गोड ग्रंथ आहे.
(३) हिंगोली जिल्हा १९६० साली झाला.
(४) अमुक सूत्राचा अर्थ असा आहे.
(५) अमुक गावचे लोक भांडखोर आहेत.

पहिले खरे वस्तुकथन. दुसरे मत, प्रिय असले तरी मतच. तिसरे खोटे वस्तुकथन. चौथ्यात वचन श्रुतीचे, अर्थ सांगणाऱ्याचा; म्हणून 'अमुक टीकाकारांच्या मते' ही जोड हवी. पाचवे मत असून निंदाही आहे. त्यामागे एखादी घटना असल्यास तेवढीच, काळ व स्थळासह सांगावी, आणि सांगण्याचे प्रयोजन नसल्यास मौन धरावे.

बोलण्यापूर्वी तीन प्रश्न मनाशी विचारण्याची सवय साधकाने लावून घ्यावी : हे मी पाहिले, ऐकले, की योजिले? ऐकले असल्यास कोणाकडून? आणि ज्याच्याविषयी बोलत आहे, तो समोर असता तर हेच शब्द याच रीतीने बोलता आले असते काय? या तीन प्रश्नांतून उतरलेले बोलणे थोडे असेल. पण जेवढे असेल तेवढे भरवशाचे असेल, आणि भिक्षेच्या झोळीत पडलेल्या शुद्ध अन्नाप्रमाणे ऐकणाऱ्यास पचेल.

दंडवत प्रणाम.